न्यायाधीशाविरुद्ध तक्रार कशी करावी

सुरतेत पर्वत पाटियाच्या सोसायट्यांत खान्देशी घरं पुष्कळ, आणि घरटी एखादी तरी कोर्टाची तारीख असतेच: चेक बाउन्स, भाडेकरू, पोटगी. निकाल उलटा लागला की कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन येतो. "भाऊ, जज फुटला. अर्ज लिहून द्या." मी आधी चहा सांगतो.

मग विचारतो, साहेबांनी चूक केली की पाप? पुरावा नीट पाहिला नाही, कायदा चुकीचा लावला, तर उपाय अपिलाचा. जिल्हा कोर्टातल्या अपिलाला सहसा 30 दिवसच मिळतात, आणि तक्रारीच्या नादात तेही हातचे जातात. पैसे मागणं, एकाच पक्षकाराला चेंबरमध्ये भेटणं, नातेवाइकाचा खटला स्वतः चालवणं, बायकांशी घाणेरडं बोलणं, हे गैरवर्तन. निम्म्या पिशव्या इथूनच परत जातात.

उरलेल्यांनी रोजकामाची सर्टिफाइड नकल काढावी. आपण रोजनामा म्हणतो, तेच इथलं रोजकाम. ती समोर ठेवून वहीत तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, कुणी पाहिलं. तिसऱ्या रकान्यात "सगळ्यांना माहीत आहे" असं लिहावं लागलं, तर ती ओळ अर्जात घेऊ नका. मध्यस्थ आला असेल तर त्याचं नाव, नंबर, आकडा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. रेकॉर्डिंग असेल तर ज्या मोबाइलमध्ये झालं तो मोबाइलच जपा, फिरून आलेली क्लिप कामाची नाही. 2014 मध्ये वापीच्या दोन न्यायाधीशांवर लाचेचा आरोप झाला, तो गावगप्पांत विरला नाही, कारण तिथल्या एका वकिलाने रेकॉर्डिंगच हाय कोर्टाकडे दिलं होतं.

कच्चा मजकूर मराठीत लिहा. विशेषणं खोडा, मग वकिलाकडून इंग्रजी करून घ्या. सोबत नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र हवंच. सरन्यायाधीशांच्या ऑक्टोबर 2014 च्या पत्रानुसार, प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा नसेल तर खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाविरुद्धची तक्रार विचारातच घेतली जात नाही. निनावी पत्राचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

पत्ता: रजिस्ट्रार जनरल, गुजरात हाय कोर्ट, सोला, अहमदाबाद. संविधानाच्या कलम 235 प्रमाणे खालच्या कोर्टांवर ताबा हाय कोर्टाचा, म्हणून कलेक्टर कचेरीत खेटे घालू नका. पाठवाल तर पोहोच घेऊन, हाती द्याल तर आवक शिक्का घेऊन.

बेअदबीची भीती सगळ्यांनाच असते. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम 6 सांगतं, की खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाबद्दल हाय कोर्टाकडे सद्भावाने केलेलं विधान अवमान ठरत नाही. हे संरक्षण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाही!

पुढे दक्षता शाखा प्राथमिक चौकशी करते. तथ्य दिसलं तर खातेनिहाय चौकशी, आणि तिथे तुम्ही फक्त साक्षीदार. वेळ लागतो, पण शेवट बडतर्फीपर्यंत जाऊ शकतो: मुंबई हाय कोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये दोन न्यायिक अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. त्यातल्या साताऱ्याच्या न्यायाधीशावर जामिनासाठी 5 लाखांची लाच मागितल्याचा आरोप होता.

तक्रार हाय कोर्टाच्याच न्यायमूर्तींविरुद्ध असेल तर वाट निराळी. ती तिथल्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा सरन्यायाधीशांकडे जाते. पदावरून काढायला लोकसभेचे 100 किंवा राज्यसभेचे 50 खासदार सहीला लागतात, वर दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचे 14 पैकी 11 आरोप सिद्ध धरले होते, तरी 1993 मध्ये काँग्रेस तटस्थ राहिली आणि लोकसभेत ठराव पडला.

तक्रार दिली तरी तुमचा खटला त्याच कोर्टात चालू राहतो. तो दुसरीकडे वर्ग करायचा अर्ज वेगळा, अठवालाइन्सला जिल्हा न्यायाधीशांकडे. तोवर पोहोच खिशात आहे म्हणून तारखेला दांडी मारू नका, रोजकामात तुमची गैरहजेरी तेवढी चढते.