निबंध लेखन : आमच्या शेतातील एक अविस्मरणीय दिवस



'शेतातील एक दिवस' हा विषय दिला की बहुतेक वह्यांमध्ये तेच सापडतं : हिरवीगार शेतं, झुळझुळ वाहणारा ओढा, झाडाखालची भाजी-भाकरी. गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्या कितीतरी मुलांनी त्याच आठवड्यात घरच्या रानात काम केलेलं असतं. पण ते लिहिण्यासारखं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं आपलं काम. म्हणून आज सोयाबीन काढणीच्या दिवसावरचा एक नमुना निबंध पाहू. इयत्ता पाचवी ते सातवीसाठी तो उपयोगी पडेल.

मुद्दे : कोणतं काम – कोण कोण होतं – अडचण – निर्णय – काय वाचलं, काय गेलं

नमुना निबंध

ऑक्टोबरमधला रविवार होता. आमचं दोन एकर सोयाबीन कापून रानात वाळत पडलं होतं. सोमवारी सुडी लावायची, असं बाबांनी ठरवलं होतं. पण दुपारीच आभाळ काळं झालं.

मजूर मिळणं शक्य नव्हतं. गावात सगळ्यांचं सोयाबीन एकदाच निघतं, त्यामुळे जो तो आपापल्या रानात पळत होता. मग आई, बाबा, काकू, ताई आणि मी कामाला लागलो. गुडघेदुखीमुळे एरवी घरीच बसणारे आजोबाही बांधावर येऊन उभे राहिले.

बाबा रस्त्याकडचं सोयाबीन गोळा करायला निघाले, कारण ते जवळ होतं. आजोबांनी थांबवलं. "आधी विहिरीकडचं उचला. ते बियाण्याचं आहे."

"तिकडचं आणेपर्यंत इकडचं सगळं भिजेल, अण्णा."

"भिजू दे. भिजलेलं कमी भावात का होईना, विकता येईल. पेरता येणार नाही."

आम्ही विहिरीकडे वळलो. तिकडे अर्धा एकर होतं. आईची जुनी लुगडी पसरून त्यात काड भरायचं, कोपरे धरायचे आणि उंचवट्यावर नेऊन टाकायचं. शेंगा हाताला टोचत होत्या, धसकटं पायाला लागत होती. जोरात ओढलं की शेंगा फुटून दाणे मातीत पडायचे. काकू सारखी ओरडत होती, "हळू, पण थांबू नका!" मी खेपा मोजत होतो. बत्तिसावी खेप टाकली आणि पहिला थेंब पडला.

ताडपत्री एकच होती. वाऱ्याने ती फुगत होती. बाबांनी आणि ताईने कोपरे धरले, मी आणि आईने कडेने दगड ठेवले. पाणी आत शिरू नये म्हणून आजोबांनी सुडीभोवती चर काढायला लावला.

तासभर पाऊस कोसळला. बियाण्याची सुडी कोरडी राहिली, बाकीचं दीड एकर भिजलं. रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "अण्णा, पुढच्या सालचं बियाणं तरी घरात आहे."

वर्गात काय करून घ्यावं?

१. निर्णय शोधायला लावा. बाबांचं बरोबर की आजोबांचं? दोन गट करा आणि कारणं मांडू द्या. दोन्ही बाजूंना कारण आहे, म्हणूनच हा दिवस लक्षात राहतो.

२. सुडी, काड, धसकट, खेप, चर हे शब्द फळ्यावर लिहा. मुलांच्या घरी वेगळे शब्द असतील तर तेही लिहा. 'बोलीतला शब्द' म्हणून लाल रेघ मारू नका. कामाचे नेमके शब्द हीच या निबंधाची ताकद आहे.

३. विज्ञान आणि गणित जोडा. सोयाबीन हे स्वपरागीत पीक आहे, त्यामुळे घरचं चांगलं बियाणं तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. पेरणीआधी त्याची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, कमी उगवले तर वाढवावं लागतं. हा प्रयोग वर्गात सहज होतो. शेकडेवारीही तिथेच शिकवून होते.

४. शेवट आनंदी नाही म्हणून गुण कापू नका. 'दीड एकर भिजलं' हे खरं लिहायला मुलाला धीर लागतो.

पालकांनो, एक विनंती. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यानुसारही मुलांनी घरच्या कामात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच. सुगीच्या दिवसांत शाळा बुडू देऊ नका. पण रानातलं काय आधी उचलायचं, काय विकायचं, काय राखायचं, हे ठरत असेल तेव्हा मुलाला जवळ बसवा. त्याला ते ऐकू द्या, प्रश्न विचारू द्या. असा निबंध कुठल्याही गाईडमध्ये सापडत नाही.