कादंबरीतील माणूस आणि वर्गातील लेखन

'माझी आजी' हा विषय दिला की सातव्या इयत्तेच्या वह्यांतून बहुधा एकच आजी आढळते. ती प्रेमळ असते, पहाटे उठते व गोष्टी सांगते. रिसोडच्या मुलाची आजी आणि कारंजाच्या मुलीची आजी यांत काडीचा फरक दिसत नाही. मुलांना आपली आजी ठाऊक नसते असे नव्हे. ती कोणत्या शब्दाला चिडते, पदराच्या गाठीत काय बांधून ठेवते, कोणत्या सुनेशी अबोला धरते, हे त्यांना पक्के माहीत असते. परंतु ते लिहिण्याजोगे आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कादंबरीकार आपली माणसे उभी करतो ती नेमकी याच सामग्रीतून.

वऱ्हाडातील शिक्षकांना जवळचे उदाहरण म्हणजे उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिची नायिका कौतिक ही शिंप्याच्या घरची गरीब बाई. तिचे मागणे मोठे नाही: संसार उभा राहावा, मुले मार्गी लागावी. नवरा महादेव कामाला नेट लावीत नाही. पुढे त्याला दुर्धर रोग जडतो. पात्राला काहीतरी मनापासून हवे असते आणि ते हाती लागत नाही, तेथे वाचक त्याच्याबरोबर चालू लागतो. कौतिकच्या अंगी जिद्द आहे, पण ती देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हे. अखेरीस तिच्या मनाचा तोल ढळतो. लेखक तिला वाचविण्यासाठी ओढूनताणून योगायोग घडवीत नाही, आणि म्हणूनच ती विसरता येत नाही.

'धग'मधील माणसे वऱ्हाडी बोलतात, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी. एखाद्या मुलाने आजीच्या तोंडी 'काहून आला रे उशिरा?' असे लिहिले, तर 'काहून' खोडून 'का' करण्याचा मोह होतो. त्या एका तांबड्या रेघेने आजी वहीतून नाहीशी होते. कथन प्रमाण भाषेत असावे, ते शुद्ध असावे. तो आग्रह योग्यच आहे. संभाषण मात्र ज्याचे त्याच्या तोंडचे राहू द्यावे. मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या मुलाने आईचे एखादे वाक्य गोरमाटीत लिहिले, तर त्याच्याकडूनच त्याचा अर्थ वर्गाला सांगवावा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तर शिक्षकाचीच कादंबरी. धनगरांच्या लहानशा वाडीत नवा मास्तर येतो आणि त्याच्या नजरेतून गाव उलगडत जातो. त्यातील आनंदा रामोशी चोर आहे. तरीही वाचकाला त्याचा तिटकारा येत नाही. मुलांच्या लेखनात माणूस एकतर सद्गुणी असतो, नाही तर दुष्ट. 'चांगल्या माणसाची एक खोड सांग' एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ साधते.

जाता जाता एक स्थानिक गोष्ट. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला आहे. काव्यासारख्या अमूर्त वस्तूलाही त्याने देह दिला, सोयरिकी दिल्या, हे मुलांना गंमतीचे वाटेल.

वर्गात एक तास असा घ्यावा. मुलांनी बाजाराच्या दिवशी पाहिलेल्या एका माणसाविषयी पाच वाक्ये लिहावीत. त्यांत 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'गरीब' हे शब्द वापरू नयेत. त्याचे हात काय करीत होते, त्याला काय हवे होते, तो काय बोलला, एवढेच लिहावे. मग वाक्ये मोठ्याने वाचून तो कसा असेल हे इतरांनी ओळखावे. गाव लहान असते व नाव लगेच कळते. तेव्हा खरी नावे घेऊ देऊ नयेत. दोन माणसांच्या लकबी एकत्र करून तिसरा घडविण्यास सांगावे. कोणाचे व्यंग, कर्ज वा घरातील भांडण वहीत आले, तर ते वर्गापुढे न वाचता मुलाला एकट्याला बोलावून त्याविषयी बोलावे.