छोट्या जाहिरातींचा बाजार आणि त्याची मांडणी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जे एकदा तरी हिंडले आहेत, त्यांना ठाऊक आहे की तेथे पाट्या वाचीत कोणी फिरत नाही. मडके हवे असणाऱ्याची पावले आपोआप मडक्यांच्या राशीकडे वळतात. मयड्याची केळी घेऊन बसणाऱ्या बायका कोठे असतात, हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारावे लागत नाही. नवखा माणूस वाट चुकलाच, तर एखादी फुलवाली हात लांब करून त्याला योग्य दिशा दाखविते. बाजाराची ही घडी कोणा एका शहाण्याने एका दिवसात बसविलेली नाही. विकणारे आणि विकत घेणारे यांच्या वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने ती बसत आली आहे.

विद्यार्थिमित्रहो, सांप्रत असाच एक बाजार आपल्या हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर भरत असतो. जुनी सायकल, भाड्याची खोली, शिवणयंत्र, शिकवणीचे वर्ग, असे जे जे म्हणून एका घरी नकोसे आणि दुसऱ्या घरी हवेसे असते, ते ते या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर येते. मात्र तेथे हात दाखविणारी फुलवाली नसते. तिचे काम पानाच्या मांडणीला करावे लागते, आणि ती मांडणी जर चुकली, तर माणूस वाट तर चुकतोच, पण कधी कधी पैशालाही मुकतो. म्हणून हा विषय अभ्यासण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

छोट्या जाहिराती ही काही नवी वस्तू नव्हे. हिंदुस्थानातील पहिले छापील वृत्तपत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते हिकीचे पत्र 1780 साली कलकत्त्यास निघाले, आणि त्याच्या नावातच ‘जनरल अ‍ॅडव्हर्टायझर’ हे शब्द होते. लंडनच्या ‘टाइम्स’ने तर 1966 सालच्या मे महिन्याच्या 3 तारखेपर्यंत पहिल्या पानावर बातम्या छापल्या नव्हत्या; ते पान छोट्या जाहिरातींचे असे. छापील जाहिरातीत शब्दागणिक किंवा ओळीगणिक पैसे पडत. त्यामुळे लिहिणारा आपोआप काटकसर करी, आणि वाचणाराला एका दृष्टिक्षेपात पुष्कळ मजकूर चाळता येई. ही काटकसर पडद्यावर आली नाही. तेथे जागा फुकट आहे, आणि फुकटच्या जागेत कचरा लवकर साठतो.

या क्षेत्रातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण अमेरिकेतील क्रेग्जलिस्ट या संकेतस्थळाचे आहे. क्रेग न्यूमार्क नावाच्या गृहस्थाने 1995 साली सॅन फ्रान्सिस्को शहरातील कार्यक्रमांची यादी आपल्या मित्रांना ई-मेलने पाठविण्यास सुरुवात केली. मित्रांनी मित्रांना सांगितले, कार्यक्रमांच्या जोडीला नोकऱ्या व खोल्या आल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या यादीचे संकेतस्थळ झाले. त्याचे रूप मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहिले: पांढरी पाटी, तीवर निळ्या अक्षरांच्या रांगा, चित्र नाही, शोभा नाही. 2009 साली ‘वायर्ड’ या मासिकाने या ओबडधोबड पानाची चर्चा केली आणि निरनिराळ्या रचनाकारांकडून त्याची नवी रूपे करवून घेऊन ती छापली. रूपे देखणी होती. पण लोक जुन्याच पानावर येत राहिले.

यावरून कोणी असे म्हणेल की मांडणीला किंमतच नाही. आमचे मत तसे नाही. ते पान दिसण्यास कुरूप असले तरी वापरण्यास वाईट नव्हते. ते चटकन उघडे, शहर व विभाग एकाच पडद्यावर दिसत, आणि एकदा शिकलेली वाट दुसऱ्या वर्षी बदललेली नसे. ज्याला आपण सौंदर्य म्हणतो आणि ज्याला सोय म्हणतो, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच यातून दिसते.

जेथे खरीच गैरसोय होती, तेथे लोक स्वस्थ बसले नाहीत. भाड्याचे घर शोधणाराला घर कोणत्या रस्त्यावर आहे हे आधी पाहावयाचे असते. नुसत्या यादीतून ते कसे कळणार? तेव्हा पॅडमॅपर नावाच्या एका बाहेरच्या सेवेने त्या जाहिराती नकाशावर मांडून दाखविल्या. त्यावरून 2012 साली प्रकरण न्यायालयात गेले. पण त्याच वर्षी क्रेग्जलिस्टने स्वतःच्या पानांवरही नकाशा आणण्यास आरंभ केला. कायद्याचा न्याय काहीही असो. आपला मुद्दा निराळा आहे. लोक तुमच्या भिंतीला जेथे स्वतः होऊन भोक पाडतात, तेथे दार हवे होते असे समजावे.

असो. परदेशाची गोष्ट वाचून ज्ञान होते, पण खात्री होत नाही. गेल्या सत्रात आमच्या शाळेतील एक जुनी पायपेटी आणि वाचनालयातील दोन लाकडी कपाटे विकावयाची होती. नववीच्या मुलांनी ती एका संकेतस्थळावर (त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही) विक्रीस लावावीत असे ठरले, आणि त्याच निमित्ताने आम्ही एक लहानसा प्रयोग केला. जेकब नील्सन या तज्ज्ञाने 2000 साली असे प्रतिपादन केले होते की एखाद्या पानातील बहुतेक अडचणी उघडकीस आणण्यास पाच माणसे पुरतात. मात्र त्यांना शिकवावयाचे नाही, नुसते पाहावयाचे. आम्ही पाच माणसे बोलाविली: एक निवृत्त कारकून, एका मुलीची आई, शाळेचे शिपाईमामा, दहावीचा एक विद्यार्थी आणि एकाची आजी. प्रत्येकास एकच काम दिले: ‘ही पेटी विक्रीस लावा.’ मुलांनी मागे उभे राहून वहीत टिपणे करावयाची आणि तोंडातून शब्द काढावयाचा नाही, हा नियम होता. तो नियम मोडण्याचा मोह सर्वांत आधी आम्हांलाच झाला, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्याची बोटे चुकीच्या जागी जात असलेली पाहून गप्प राहणे शिक्षकास फार जड जाते.

पहिलाच प्रश्न पाचांपैकी चौघांना अडला. ‘वर्ग निवडा’, असे पान म्हणाले. पेटी कोणत्या वर्गात? ‘छंद’ म्हणावे, ‘घरगुती वस्तू’ म्हणावे, की ‘इतर’? कारकूनसाहेबांनी ‘फर्निचर’ निवडले, कारण पायपेटी लाकडी असते; आणि त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. दुकानदाराच्या गोदामातील कप्पे आणि घरच्या माणसाच्या मनातील कप्पे एक नसतात. येथे उपाय सोपा आहे: आधी वस्तूचे नाव विचारावे, मग पानानेच दोनतीन वर्ग सुचवावेत.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक होती. मुलीच्या आईने सारा मजकूर भरला, किमतीबद्दल शंका आली म्हणून एक पान मागे गेली, आणि परत आली तो सारे रकाने कोरे! तिने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाली, “सर, हे माझ्याच्याने व्हायचे नाही.” मुलांनी हे वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले. चूक पानाची, आणि अपराधी मात्र ती स्वतःस समजली. हा प्रकार आम्ही त्या दिवशी वारंवार पाहिला.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या. फिकट करड्या अक्षरांतील सूचना आजींना दिसल्याच नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साध्या मजकुरासाठी निदान 4.5 ला 1 असे प्रमाण असावे, असा संकेतस्थळांच्या सुगमतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मुलांनी तो नंतर शोधून काढला. ‘पुढे’ आणि ‘रद्द’ ही दोन बटणे इतकी लहान व इतकी जवळ होती की शिपाईमामांच्या जाड अंगठ्याखाली दोन्ही एकदम येत. लक्ष्य लहान व दूर असेल तर त्यावर नेमके पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली गणिताने मांडून ठेविले आहे. मामांना ते गणित न शिकताच पटले.

शोधाच्या बाबतीत आम्हां गोमंतकीयांची एक खास अडचण आहे, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या घरांत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मराठी शाळेत तीच वस्तू ‘खुर्ची’ होते आणि जाहिरातीत बहुधा इंग्रजी ‘चेअर’. एकाच गावाला कोणी म्हापसा म्हणतो, कोणी म्हापशें. रोमी लिपीत लिहू लागलो की आणखी दोन रूपे होतात. मुलांनी एकच खुर्ची चार नावांनी शोधून पाहिली, आणि चार वेळा चार निरनिराळ्या याद्या समोर आल्या. म्हणजे ‘कदेल’ लिहून जाहिरात देणाऱ्या माणसाची वस्तू ‘खुर्ची’ शोधणाराच्या नजरेस कधीच पडणार नाही, मग ती शेजारच्या वाड्यावर का असेना! येथे पानाने माणसाची भाषा सुधारू नये. आपल्या पदरी समानार्थी शब्दांची एक यादी बाळगावी आणि कोणत्याही नावाने हाक मारली तरी ओ द्यावी.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली, ती सांगतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मेस्त, म्हणजे सुतार आहेत. त्यांनी आपले रंधा मारण्याचे जुने यंत्र अशाच एका ठिकाणी विक्रीस लावले होते. तासाभरात फोन आला. पलीकडचा मनुष्य गोड बोलला, घासाघीस न करता किंमत कबूल केली, आणि ‘आगाऊ रक्कम पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील’, असे म्हणाला. मेस्तांनी तसे केले. पैसे जमा झाले नाहीत; खात्यातून नऊ हजार रुपये गेले. यूपीआयमध्ये पिन घालावा लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही, हे त्यांना त्या क्षणी सांगणारे जवळ कोणी नव्हते. ही सूचना त्या संकेतस्थळावर होती, नव्हती असे नाही. ‘सुरक्षिततेविषयी’ या मथळ्याच्या एका वेगळ्या पानावर, अगदी तळाशी, इंग्रजीत ती होती. मेस्तांना इंग्रजी येत नाही.

मुलांमध्ये यावर पुष्कळ वाद झाला. काहींचे म्हणणे, माणसानेच सावध राहिले पाहिजे. ते खरे आहे. पण ज्या विहिरीत माणसे पुनःपुन्हा पडतात, तिला कठडा बांधावयाचा की पडणाऱ्यांना दोष देत बसावयाचे? शेवटी ठरले ते असे: जाहिरात लागताच, आणि पहिला निरोप येताच, त्याच पानावर, जाहिरातदाराच्या भाषेत, ठळक अक्षरांत एकच ओळ असावी: ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.’ फोन नंबर सर्वांना उघडा न दिसता आधी निरोपाची सोय असावी. ‘मला संशय येतो’ असे बटण निरोपाशेजारीच असावे, आणि ते दाबताच 1930 हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक समोर यावा. फसवणूक झाल्यावर पहिल्या काही तासांतील तक्रारीने रक्कम अडविली जाण्याची शक्यता वाढते. मेस्तांनी तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी, मुलाने आम्हांस सांगितल्यावर.

या सर्व सुधारणा मुलांनी संगणकावर नव्हे, तर चित्रकलेच्या वहीच्या कागदांवर काढल्या. एक कागद म्हणजे एक पडदा. बोट ठेविले की मुलाने पुढचा कागद समोर सरकवावयाचा. ही रीत धंद्यातील लोकही वापरतात, आणि खोडरबराखेरीज तिला काही खर्च नाही. ‘सबमिट’च्या जागी ‘जाहिरात लावा’ असे शब्द आले, मागे जाता येऊ लागले तरी मजकूर तसाच राहिला, आणि पिनची ओळ तांबड्या शाईने लिहिली गेली.

मग आम्ही त्याच आजींना पुन्हा बोलाविले. त्यांनी पेटीचे नाव सांगितले, वर्ग निवडला, किंमत घातली, तांबडी ओळ मोठ्याने वाचली आणि शेवटच्या कागदावर बोट ठेविले. मुले टाळ्या वाजविणार, इतक्यात त्यांनी चष्मा काढून विचारले, “आणि पेटी विकली गेली, तर ही जाहिरात काढून टाकायची कोठून?”

ते पान कोणीच काढले नव्हते. एका मुलीने न बोलता वहीचा नवा कागद फाडला.