आधी फाडून बघा

खेळणं म्हटलं की लोक घुंगरू आणतात. आरसे आणतात, रंगीत प्लॅस्टिकच्या साखळ्या आणतात. जखमी पक्ष्यांच्या केंद्रात अशा देणग्या नेहमी येतात, आणि मनापासून दिलेल्या असतात म्हणून नाही म्हणताना जीवावर येतं. तरी नाहीच म्हणावं.

आमच्याकडे असाच एक जाड, गुबगुबीत सुती दोर पोपटांच्या पिंजऱ्यात टांगला गेला. पोपटांनी कुरतडून त्याच्या झिरमिळ्या केल्या, तोवर सगळे कौतुकानं बघत होते. एका सकाळी झाडलोट करताना एक पोपट पाय आखडून बसलेला दिसला. केसाएवढा धागा बोटाभोवती आवळला होता आणि सुजेमुळे कातडीत पार बुडाला होता. डॉक्टरांनी भिंगाखाली एकेक वेढा कापून काढला. बोट वाचलं, नख गेलं.

म्हणून खेळणं नवंकोरं असताना कसं दिसतं याला माझ्या लेखी किंमत नाही. ते मी आधी ओढते, भिजवते, फाडते, आणि उरलेल्या चिंध्यांकडे बघून ठरवते. जस्ताचा मुलामा दिलेली तार नको. पोपट ती चोचीनं खरवडतात आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. घुंगराच्या फटीत नख अडकतं. काथ्या चांगला, पण ओला राहिला की बुरशी धरतो, आणि ती बुरशी फुफ्फुसात गेली की घारी-घुबडं हाती लागत नाहीत. फांद्या तोडतानाही झाड ओळखा. कण्हेर विषारी आहे.

देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, तरी पंख कातरलेले पोपट येतच असतात. कातरलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं यावं लागतं आणि त्यात कित्येक महिने जातात. तेवढा काळ रिकामा बसलेला पोपट स्वतःचीच पिसं उपटू लागतो. त्याला पेरूच्या, बोरीच्या, चिंचेच्या पानासकट फांद्या द्या, फवारणी न झालेल्या. बाजरीचं कणीस वाटीत ठेवू नका, उंचावर पानांआड खोचा. शोधायला लागलं पाहिजे.

कावळ्याला कागदाच्या पुडीत शेंगदाणे बांधून वाळक्या पानांत पुरावेत. आधी तो संशयानं दोनदा मागे उडी मारतो, मग पुडी पायाखाली दाबून चोचीनं सोलतो. पुडीला पिन किंवा चिकटपट्टी लावायची नाही.

घारीला खेळण्यांचं सोयरसुतक नसतं. तिला कमी-जास्त जाडीच्या, खरबरीत सालीच्या फांद्या बसायला हव्यात. सदा एकाच गुळगुळीत दांडीवर बसली तर तळव्यांना फोड येऊन ते चिघळतात. बरी होत आली की पसरट घमेल्यात पाणी ठेवा. मात्र मांजानं कापलेला पंख बांधलेला असताना यातलं काहीच नको. तेव्हा अंधार आणि शांतता एवढंच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पिंजऱ्यात पानसुद्धा टांगू नये.

आणि खेळणं ठेवलं की निघायचं. खाऊ आणि माणूस यांची सांगड पक्ष्याच्या डोक्यात बसली, तर सोडल्यावर तो कुणाच्याही खिडकीत जाऊन बसेल. आमच्याकडे फांद्या पडद्याआडून सरकवतात. ‘मिठू मिठू’ करणाऱ्या उत्साही मंडळींना केंद्रातल्या ताई सध्या घमेली घासायला बसवतात.