माणूसघाणा कोण?

मुलांनो, मधल्या सुट्टीत मैदानावर खेळ रंगलेला असतो. अशा वेळी एखादा मुलगा झाडाखाली एकटाच पुस्तक वाचत बसतो. लगेच कोणीतरी म्हणते, "हा माणूसघाणा आहे!" पण एकटे बसणाऱ्या प्रत्येकाला असे म्हणणे योग्य आहे का?

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. १९३० साली ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आडोशाला बसून ते तासन्तास त्या पक्ष्यांकडे पाहत. जवळपास गडबड झाली, तर पक्षी बुजतात. म्हणून त्यांना एकांत हवा असे. पक्ष्याचे नाव सुगरण असले, तरी घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडले, तर नर ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. सलीम अलींनी हे सारे बारकाईने टिपले.

हे ज्ञान त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून असंख्य लोक पक्षी ओळखायला शिकले. एकांतात जे मिळाले, ते त्यांनी सर्वांना वाटले.

आता दुसरा माणूस पाहा. तो सदा दहाजणांच्या घोळक्यात असतो. पण तो धावत्या गाडीवर दगड मारतो, सार्वजनिक नळाची तोटी मोडतो, शेजाऱ्यांत भांडणे लावतो. गर्दीत राहूनही तो समाजाचा शत्रूच आहे.

म्हणून कोण किती वेळ एकटा असतो, हे मोजू नका. तो इतरांशी कसा वागतो, ते पाहा.

तुमच्या वर्गातही एखादा अबोल मुलगा असेल. त्याला नावे ठेवू नका. जवळ जाऊन विचारा, "खेळायला येतोस का?" तो हसून "नको, वाचतो आहे," म्हणाला, तर त्याला खुशाल वाचू द्या. पण कोणी खेळायला घेत नाही म्हणून तो एकटा बसला असेल, तर त्याला लगेच आपल्या संघात घ्या.

शब्दार्थ
माणूसघाणा – ज्याला माणसे नकोशी वाटतात असा
एकांत – जेथे दुसरे कोणी नाही अशी स्थिती
बुजणे – घाबरून दूर जाणे
नावे ठेवणे – दोष काढणे

स्वाध्याय
१. सलीम अलींना एकांत का हवा असे?
२. घोळक्यात राहणारा माणूस समाजाचा शत्रू का ठरतो?
३. तुम्हांला कोणते काम एकट्याने करायला आवडते? पाच वाक्ये लिहा.