वाट्यावर येणारा गडी : मजूर की भागीदार?



डोंगा काठाला लागतो, मासळी विकली जाते, मग हिशेबाला बसतो. खर्च वजा केला की एक वाटा डोंग्याचा, एक जाळ्याचा, बाकीचे माणसांचे. पैनगंगेवर काय नि तलावावर काय, ही रीत जुनी आहे. तिच्यासाठी आपल्याला कधी कागद लागला नाही. पण एखाद्या दिवशी डोंगा उलटतो, गडी जायबंदी होतो किंवा परत येतच नाही. मग घरचे विचारतात, "आता जबाबदारी कुणाची?" मालक म्हणतो, "तो माझा नोकर नव्हता, वाटेकरी होता." हे बोलणं कायद्यात टिकतं का, ते आज समजून घेऊ.

वाटा मिळाला म्हणून भागीदार होत नाही

भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. त्याच्या कलम 6 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की नोकराला मेहनतान्यापोटी नफ्यातला वाटा मिळत असेल तर तेवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. रोजी रोख द्या की मासळीचा वाटा द्या, ती पैसे देण्याची पद्धत झाली. नातं कोणतं, हे कामाकडे बघून ठरतं.

कोर्टाने काय पाहिलं?

कच्छच्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. त्यांना पिकवलेल्या मिठावर पैसे मिळत, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला ते स्वतःची माणसंही लावत. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नाहीत, ठेकेदार आहेत. पण मीठ तयार होईपर्यंत कंपनीची देखरेख आणि ताबा होता. म्हणून 1956 साली कोर्टाने त्यांना कामगारच मानलं.

दुसरा खटला आपल्या तेलंगणा भागातल्या दुकान कायद्याखालचा, 1973 सालचा. सिल्व्हर जुबिली टेलरिंग हाऊसचे शिंपी नगावर पैसे घेत. मशीन दुकानाची होती, आणि शिवण नीट नसेल तर परत शिवायला लावायचा हक्क मालकाचा होता. तेही कर्मचारी ठरले.

आपल्या डोंग्यावर हे प्रश्न विचारून बघा

1. कधी निघायचं, कुठे जाळं टाकायचं, हे कोण ठरवतं? पाणी चढलेलं असताना "नाही जात" म्हणायची गड्याला मोकळीक आहे का?
2. डोंगा-जाळं कुणाचं? फाटलं-तुटलं तर खर्च कोण करतो?
3. मासळी कुणाला नि काय भावाने द्यायची, हे कोण ठरवतं?
4. गडी उद्या दुसऱ्याच्या डोंग्यावर जाऊ शकतो का? की उचल घेतल्यामुळे बांधलेला आहे?
5. रिकाम्या हाताने परत आलो तर तोटा कुणाच्या अंगावर?

एका उत्तरावर निकाल लागत नाही, सगळं मिळून बघतात. सगळं मालकच ठरवत असेल तर तो गडी कर्मचारी ठरण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्या अपघाताच्या भरपाईचा दावा मालकावर येऊ शकतो. चौघांनी मिळून डोंगा घेतला, खर्च-तोटा वाटून घेतला, सगळं विचाराने ठरवलं, तर ते खरे भागीदार. आणि संस्थेचा सभासद स्वतःच्या जाळ्याने तलावात मासे धरून स्वतः विकतो, तेव्हा तो स्वयंरोजगारी. संस्था त्याची मालक होत नाही. तोच सभासद उद्या दुसऱ्याच्या हुकमाखाली जाळं ओढायला गेला, तर त्या कामापुरता तो मजूर असू शकतो. म्हणजे माणूस एक, नाती दोन.

स्वयंरोजगारी म्हणजे वाऱ्यावर नव्हे

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये असंघटित कामगार म्हणजे फक्त रोजंदारीवाला नव्हे. स्वयंरोजगारीही त्यात येतो. म्हणून गडी असो, छोटा डोंगावाला असो की आठवडी बाजारात मासळी विकणारी आपली माऊली, ई-श्रम नोंदणी ज्याची त्याने स्वतःच्या नावाने करावी. वय 16 ते 59 लागतं. पीएफ किंवा ईएसआयचे सभासद असणाऱ्यांना आणि आयकर भरणाऱ्यांना ही नोंदणी नाही.

अपघाताचा विमा वेगळा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचं संरक्षण मिळतं. हप्ता खात्यातून कापला जातो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे ठेवा. मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 5 लाखांची तरतूद आहे, आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. पण यादीत नाव पाहिजे. यंदाच्या यादीत आपलं नाव आहे का, ते स्वतः बघून घ्या.

मालक मंडळींना एक विनंती

कागदावर "भागीदार" लिहून जबाबदारी टळत नाही. त्यापेक्षा जे खरं आहे ते लिहा : वाटे किती, खर्चात काय धरायचं, उचल किती दिली नि किती फिटली, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. एक साधी वही, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. गड्याला वाचता येत नसेल तर त्याच्या घरच्यांसमोर वाचून दाखवा आणि एक प्रत त्याच्या घरी राहू द्या. वाईट वेळ आली तर ती वही गड्याच्या घरच्यांच्या कामी येईल, आणि खोट्या दाव्यापासून मालकालाही वाचवेल.

पुढच्या वेळी जाळं उचलण्याआधी एवढं बोलून घ्या. वही कशी लिहायची हे समजत नसेल तर संस्थेत या, आपण बसून लिहू.