कुटुंबप्रमुखाचं नाव काय?

या जानेवारीत आमचं एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला एका कातकरी वाडीजवळ झालं. माझ्याकडे सर्व्हेचं काम आलं. हातात क्लिपबोर्ड, चाळीस फॉर्म आणि डोक्यात एकच विचार, की जेवणाच्या आत निदान वीस घरं उरकायची. फॉर्मचा पहिलाच प्रश्न होता, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'.

पहिल्याच घरी एक मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी प्रश्न वाचला. त्या लाजल्या, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं! शेजारच्या पोराने ते ओरडून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कुटुंबप्रमुख कुठे आहेत? भट्टीवर. कधीपासून? दिवाळीपासून. मग घरी कोण? मी आणि सासू. रेशन कोण आणतं? मी. पुढचा प्रश्न पाण्याचा होता, 'हातपंप चालू आहे का?'

"चालू हाय. आम्हीच करून घेतला."

मग सगळी गोष्ट कळली. गणपतीच्या सुमारास वाडीतलं बोरिंग बंद पडलं. ओढ्याचं मातकट पाणी पिऊन पोरं आजारी पडायला लागली. मावशींनी घरोघरी जाऊन बायका गोळा केल्या. आठवीतल्या एका मुलीने अर्ज लिहिला, त्याखाली बायकांनी अंगठे उठवले. मावशी तो कागद घेऊन तीन वेळा पंचायत समितीत गेल्या. तिसऱ्या वेळी साहेब भेटेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. दसऱ्याला मेकॅनिक आला.

मी फॉर्मकडे बघितलं. हे सगळं लिहायला त्यात जागाच नव्हती. मावशींचं नाव 'इतर सदस्य' या रकान्यात, दोन नंबरला, कुटुंबप्रमुखाची पत्नी म्हणून.

मित्रमैत्रिणींनो, त्या संध्याकाळी आमचा 'महिला सक्षमीकरण' या विषयावर कार्यक्रम होता. थर्माकोलवर अक्षरं कापून झाली होती. वाडीतल्या मुलींना नेतृत्वगुण शिकवायचे होते. पण कार्यक्रमाला दहा वर्षांवरची मुलगी एकच आली. बाकीच्या आईबापांबरोबर भट्टीवर गेल्या होत्या. अर्ज लिहिणारी आठवीतली मुलगीसुद्धा. मावशी म्हणाल्या, "अर्ज लिवणारी पोर गेली. आता उत्तराचा कागद आला तर वाचायचा कोणी?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. परत आल्यावर मी लायब्ररीत बसून आणि दोन-तीन सरांना त्रास देऊन या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडते.

शेजारी कोण राहतं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हटलं की आपल्याला कारखाने, फर्निचर बाजार, जीन्सचे गाळे आणि सकाळची ७.४२ आठवते. पण बदलापूर स्टेशनबाहेर पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणि त्याबरोबर घालायची काकडं, मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन बसणाऱ्या बायका कुठून येतात, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. त्या डोंगराकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांमधून येतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद 'विशेष असुरक्षित आदिम जमाती' अशी आहे. कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं. जंगल सरकारजमा झालं, तो धंदा गेला, आणि कोळसा पाडणं, वीटभट्टी, मिळेल ती मजुरी एवढंच हातात उरलं.

भट्टीचं गणित साधं आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाला उचल देतो. कधी आजारपणासाठी, पुष्कळदा लग्नासाठी. दिवाळीनंतर सगळं कुटुंब ती फेडायला जातं. मजुरी हजार विटांच्या हिशोबाने. माती मळण्यापासून विटा वाहण्यापर्यंत बाई बरोबरीने राबते, पण हिशोबाच्या वहीत बहुतेक वेळा नाव नवऱ्याचंच. म्हणजे माझ्या फॉर्मसारखंच.

कायद्यात बाईची जागा

मला वाटलं होतं की कायदेच अपुरे असतील. तसं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षं पूर्ण झालेली सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरायची. म्हणजे माझा फॉर्म देशाच्या कायद्याच्या मागे होता!

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केलं. आदिवासींसाठी राखीव जागांमध्येही स्त्रियांचा वाटा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असंही आपल्या राज्याचा कायदा सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने देण्याची तरतूद आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. जंगलातून परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर गोळा करणाऱ्याचा मालकीहक्क हा कायदा मानतो. म्हणजे शेवळं विकणारी बाई जंगलातून काही चोरून आणत नाही, ती आपल्या हक्काची वस्तू विकते.

मग अडतं कुठे?

सर्किटमध्ये बॅटरी आहे, बल्ब आहे, पण वायर तुटलेली असेल तर दिवा लागत नाही. आपण मात्र बल्बलाच 'तू प्रकाशमान हो' असं भाषण देत बसतो. मला ज्या तुटलेल्या जागा सापडल्या त्या अशा.

पहिली जागा, नकाशा. आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा 'पेसा' कायदा १९९६ साली आला. त्यात सरपंचपद आदिवासींसाठीच आणि निम्म्याहून कमी नाहीत इतक्या जागा त्यांच्या. पण तो फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. आजच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आणि भिवंडी, मुरबाडमधली काही गावं या क्षेत्रात येतात. अंबरनाथ तालुका येत नाही. त्यामुळे इथली वाडी एखाद्या मोठ्या गावाच्या पंचायतीला जोडलेली, तिथे वाडीचा आवाज म्हणजे फार तर एखादी सदस्य. ती एकटी किती बोलणार?

दुसरी जागा, कागद. राखीव जागेवर निवडून यायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांनी तो कुठून आणायचा? गंमत म्हणजे मावशींनी मला एक सरकारी नोटीस वाचायला दिली तेव्हा मी, इंग्लिश मीडियमवाली, 'विहित नमुन्यातील प्रपत्र' या शब्दांवर तीनदा अडखळले. मावशींची घरची बोली कातकरी. ती पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे. ते मराठी आम्हा दोघींनाही परकंच होतं. फरक इतकाच की माझं त्यावाचून अडत नाही.

तिसरी जागा, तिसरं मूल. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला किती मुलं व्हावीत हे ती ठरवते का? दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाची शिक्षा तिला. लोकसंख्या वाढू नये हे मलाही पटतं, पण हे पटत नाही.

चौथी जागा, शाळा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सगळ्या स्त्रियांची साक्षरता सुमारे ६५ टक्के, आणि आदिवासी स्त्रियांची ४९ टक्के. दरवर्षी दिवाळीला शाळा सुटून जूनला परत लागणार असेल, तर दुसरं काय होणार?

टिटवाळ्याचा धडा

अंगारकीला आपण टिटवाळ्याला जातो. त्याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं, हे मला माहीत नव्हतं. उंबरगाव भागातले काही वारली तिथे आले होते. त्या काळी लग्नासाठी कर्ज काढायचं आणि नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबून ते फेडायचं, याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटतच नसे, आणि बाईच्या अब्रूलाही किंमत नसे. गोदावरी परुळेकर या पुण्यात वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या बाई पाड्यापाड्यांत पायी फिरल्या. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, की वेठ करायची नाही आणि बारा आण्यांच्या खाली मजुरीला जायचं नाही. त्या लढ्यात वारल्यांनी गोळ्याही झेलल्या, पण वेठबिगार मोडली. या अनुभवावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मला यातून एक गोष्ट कळली. गोदावरीबाईंनी वारल्यांना धाडस नेऊन दिलं नाही. ते त्यांच्याकडे होतं. त्या तिथे गेल्या, राहिल्या आणि पाड्यापाड्यांतली माणसं एकत्र यायला त्यांनी मदत केली. आम्ही मात्र सात दिवसांत थर्माकोल घेऊन परत आलो.

आजचं उदाहरण हवं असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं घ्या. महादेव कोळी समाजाच्या, शाळेत न गेलेल्या. नातू आजारी पडायला लागला तेव्हा त्यांना वाटलं की फवारणीच्या भाज्यांमुळे हे होतंय. मग त्यांनी देशी बियाणं जपायला सुरुवात केली, बचत गटातल्या बायकांना जोडून घेतलं, बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराने त्या मोठ्या झाल्या नाहीत, बियाण्याचं ज्ञान आधीपासूनच त्यांच्याकडे होतं. आणि २०२२ मध्ये राष्ट्रपती झालेल्या द्रौपदी मुर्मू यांचीही सुरुवात १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगरसेवक म्हणूनच झाली. पहिली पायरी गावातलीच असते. ती पायरी त्यांना गाठता आली, कारण त्यांना शिकता आलं होतं.

आपण काय करू शकतो?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी परतताना आमचा टेम्पो एका भट्टीजवळ थांबला, कारण मावशींनी त्या मुलीसाठी भाकरीचं पीठ दिलं होतं. डोक्यावर विटा घेऊन येताना ती दिसली. मी वाडीवरून आले म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, बोरिंगला पाणी येतंय ना?" मला काही बोलता आलं नाही. नेतृत्वगुण वेगळे काय असतात?

जूनमध्ये आम्ही तिघी परत वाडीवर गेलो. ती परत आली आहे. सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये नववीत तिचं नाव लागलं आहे. दिवाळीनंतर काय, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून हा लेख दिवाळीच्या आधी लिहिते आहे.

काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. स्थलांतर करणाऱ्या मुलांना 'शिक्षण हमी कार्ड' मिळतं, ते दाखवून लहान भावंडांना भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. आईबाप बाहेर असताना मुलांना गावातच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृहही सुरू करता येतं. मेसच्या आमटीवरून आपण रोज भांडतो, पण तिच्यासाठी हॉस्टेल म्हणजे नववी पास होणं आहे. हे अर्ज भरायला, शाळेत आणि शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात पाठपुरावा करायला आठवड्यातून एक रविवार पुरेल. जात पडताळणीचे कागद शोधायला मदत करता येईल. वाडीवर येणारी प्रत्येक नोटीस सोप्या मराठीत समजावून सांगता येईल (मी अजून शिकते आहे, पण 'विहित नमुना' म्हणजे ठरवून दिलेला फॉर्म, एवढं आता कळलं!). पुढच्या शिबिरात भाषण कमी ठेवून महिला सभेची तारीख विचारू, आणि मावशींनी सांगितलं तरच तिथे जाऊ, मागे बसायला.

कोणी बरोबर येणार असेल तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहून ठेवा. सरांनी आणि मॅडमनीही.

सर्व्हेचा फॉर्म मात्र आम्ही बदलला. आता पहिला प्रश्न असा आहे, 'या घरात निर्णय घेणारी आणि कामं करून आणणारी व्यक्ती कोण?' जूनमध्ये मावशींना तो वाचून दाखवला. या वेळी त्या लाजल्या नाहीत. तांदळाचं सूप खाली ठेवून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.